शेणखत घालूनही गहू महिन्याभरात पिवळा पडतो आणि शेवटी लोळतो, दोन्हीचं मूळ एकच आहे

ज्यांनी गव्हाच्या रानात शेणखत भरपूर टाकलंय, पेरताना बेसल डोसपण (पेरणीबरोबर द्यायचं रासायनिक खत) दिलाय, पाणी वेळेवर आहे, आणि तरी पेरणीनंतर २५-३० दिवसांनी सगळं रान फिकट पिवळं दिसायला लागतं, मग घाबरून युरिया टाकला की पंधरा दिवसांत गडद हिरवं होतं, आणि ओंब्या भरायच्या वेळी जरा वारं सुटलं की गहू आडवा, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्याकडे हे लागोपाठ तीन हंगाम झालं. पहिल्या वर्षी वाटलं बियाणंच खराब असेल, दुसऱ्या वर्षी वाटलं पाणी जास्त झालं, म्हणून एक पाणी कमी केलं तर अजून नुकसान. तिसऱ्या वर्षी मात्र खुरपं घेऊन खाली बसलो.

एक पिवळं ताट ओढून उपटलं नाही, मुळासकट, ढेकळासकट नीट खणून काढलं आणि बादलीत हलक्या हाताने धुतलं. मुळांच्या जाळ्यात शेणखताचा सुपारीएवढा गोळा अडकलेला. तो फोडला तर आत काड जसंच्या तसं, पिवळंधमक, पेर सुद्धा ओळखू येईल असं, आणि त्याच्यावर बुरशीचे पांढरे धागे. मग त्याच रानातलं एक हिरवं ताट काढलं, जिथे जुन्या ढिगाच्या तळाचं खत पडलं होतं. तिथे मातीत खत वेगळं दिसतच नव्हतं, फक्त माती काळसर आणि भुसभुशीत, मुळं पांढरी आणि तिसरा फुटवा (बुडातून निघणारं नवं ताट) निघालेला. पिवळ्या ताटाला एकच फुटवा होता. बियाणं एक, पाणी एक, बेसल डोस एक, फरक फक्त खत किती कुजलंय याचा.

आता हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण हे कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. जमिनीतले जिवाणू आणि बुरशी काड खातात तेव्हा त्यांना कर्बाबरोबर (कार्बन) नत्रही (नायट्रोजन) लागतो. ढोबळमानाने २४ भाग कर्बाला १ भाग नत्र असं खाद्य असलं की त्यांचं भागतं. चांगल्या कुजलेल्या शेणखतात हे प्रमाण १५ ते २० ला १ च्या आसपास असतं, म्हणजे नत्र उरतो आणि तो पिकाला मिळतो. पण गव्हाच्या काडात हेच प्रमाण ८० ला १ च्या घरात जातं. म्हणजे १ टन कोरडं काड जमिनीत गेलं तर त्यात साधारण ४०० किलो कर्ब आणि जेमतेम ५ किलो नत्र, आणि ते कुजवायला लागतो १६-१७ किलो नत्र. उरलेला ११-१२ किलो जिवाणू कुठून आणणार, जमिनीतूनच ना, म्हणजे तुम्ही पेरताना जो बेसल डोस दिला त्यातून. जिवाणू मुळांपेक्षा चपळ असतात, ते आधी उचलतात. गहू उपाशी राहतो, तोही नेमका मुकुटमुळं (जमिनीलगतच्या पेरापासून निघणारी मुख्य मुळं) फुटायच्या आणि फुटवे निघायच्या काळात.

हा नत्र वाया जात नाही हे लक्षात ठेवा. तो जिवाणूंच्या शरीरात अडकलेला असतो. काड संपत आलं, जिवाणू मरायला लागले, की तो हळूहळू सुटतो. जिथे गहू थंडीच्या तोंडावर पेरतात तिथे पेरणीच्या वेळी जमीन अजून ऊबदार असते, तेव्हा अडकवायचं काम होतं, मग थंडी पडते, १० अंशाच्या खाली जमिनीतलं काम फारच मंदावतं, आणि ऊन वाढायला लागलं की अडकलेला नत्र सुटायला लागतो. त्या वेळी गहू कांडी धरत असतो, म्हणजे त्याचं खोड लांबायला लागलेलं असतं. आणि आपण मध्येच पिवळेपणा बघून घाबरून दुप्पट युरिया टाकलेला असतो. म्हणजे जिवाणूंनी सोडलेला नत्र, शेणखताचा स्वतःचा नत्र आणि आपला जादा युरिया, तिन्ही एकाच वेळी पिकाच्या तोंडाशी. कांडी लांब वाढते, खालची दोन पेरं पातळ आणि लेचीपेची होतात, पानांची गर्दी होते, आणि ओंबीचं वजन आलं की लोळतं. सुरुवातीचा पिवळेपणा आणि शेवटचं लोळणं हे दोन वेगळे रोग नाहीत, हे मला तीन वर्षांनी कळलं.

पण युरियाचा डबा उचलायच्या आधी पिवळेपणा नत्राचाच आहे का ते बघा, कारण गहू बऱ्याच कारणांनी पिवळा पडतो आणि लांबून बांधावरून सगळे सारखेच दिसतात. नत्र कमी असेल तर खालची जुनी पानं आधी जातात, टोकापासून पिवळं होत मधल्या शिरेच्या बाजूने आत येतं, आणि वरचं नवं पान त्यामानाने बरं असतं, कारण झाड जुन्या पानातला नत्र काढून नव्याला देतं. उलट नवी पानं फिकट आणि खालची हिरवी असतील तर गंधकाचा संशय घ्या. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा-पांढरा अशा रेघा दिसल्या तर लोह, हे चुनखडीच्या जमिनीत जास्त. मधल्या पानांच्या बरोबर मध्यावर फिकट चट्टा पडून पुढे तो तपकिरी होतो आणि पान तिथूनच मोडून लोंबतं, ते जस्ताचं. पानावर बारीक ठिपक्यांच्या सरळ ओळी आहेत आणि बोट फिरवलं की हळदीसारखी पूड लागते, तर तो पिवळा तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग, तिथे खताचा काही संबंध नाही, युरिया टाकलात तर उलट वाढेल. ताट ओढलं आणि सहज हातात आलं, खाली कुरतडलेलं आहे, तर वाळवी. (कच्च्या शेणखताच्या रानात वाळवी आणि हुमणी जास्त दिसतात, हा अजून एक तोटा.) खोलगट जागीच पिवळं आहे, मुळं तपकिरी आहेत आणि मातीला कुबट वास येतोय, तर पाणी साचलंय, आधी ते काढा.

अजून एक खूण आहे, बरेच जण बघत नाहीत. शेणखताचे ढीग रानात टाकून आपण पंधरा पंधरा दिवस ठेवतो, मग विस्कटतो. ढिगाची जागा होती तिथे गोल गोल गडद हिरवे चट्टे आणि मधलं सगळं रान पिवळं असं दिसत असेल तर समजा की विरघळणारा नत्र ढिगाखाली झिरपून गेला आणि विस्कटताना तुम्ही बाकी रानाला बहुतेक काडच दिलंत.

खात्रीच करायची असेल तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरा उपाय म्हणजे छोटा तुकडा करून बघणे. पिवळ्या भागात ३ मीटर बाय ३ मीटरचा चौकोन काठ्या रोवून आखा, त्यात ६० ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून झारीने एकसारखा द्या आणि वरून अजून साधं पाणी द्या म्हणजे पानावर राहणार नाही. आठ-दहा दिवस थांबा. चौकोन बाजूच्यापेक्षा स्पष्ट हिरवा झाला तर नत्रच. नाही झाला तर कारण दुसरं आहे आणि तुम्ही सगळ्या रानाचा युरिया वाचवलात. हे मी आता दर हंगामात करतो, पिवळं दिसो न दिसो, कारण हा चौकोन आजूबाजूच्या पिकाआधी सांगतो की नत्र कमी पडायला लागलाय का.

नत्रच निघाला तर उभ्या पिकात काय करायचं? एकरी २५ ते ३० किलो युरिया, जास्त नाही, आणि तो पुढच्या हप्त्यातून वजा करायचा. हे वजा करणंच लोक विसरतात, मीपण विसरायचो. युरिया टाकून त्याच दिवशी हलकं पाणी द्या म्हणजे तो खाली जातो. ओल्या जमिनीवर नुसता फेकून ठेवला, वरून ऊन आणि वारा, जमीन चुनखडीची, तर बराचसा अमोनिया होऊन उडून जातो. आणि पाणी तुंबवूनही नको, मग मुळांच्या खाली निघून जातो. फवारणीचं म्हणाल तर २ टक्के युरिया म्हणजे लिटरला २० ग्रॅम, पण हिशोब करून बघा, एकरी २०० लिटर पाण्यात ४ किलो युरिया बसतो, म्हणजे २ किलोसुद्धा नत्र नाही. दिसायला चार दिवस बरं दिसतं. रान ओलं आहे आणि जमिनीतून देता येत नाही तेव्हा चालढकल म्हणून ठीक, त्याच्यावर विसंबू नका.

पेरणीनंतर साधारण २१ दिवसांनी मुकुटमुळं फुटतात, पहिलं पाणी तेव्हाच, आणि वरखताचा (उभ्या पिकात देतात त्या खताचा) पहिला हप्ता पण तेव्हाच. गारठ्याच्या प्रदेशात हे दिवस लांबतात, म्हणून कॅलेंडरपेक्षा ताट खणून बघा, जमिनीच्या पातळीजवळच्या पेरापासून जाड पांढरी मुळं निघताना दिसली की वेळ झाली. पिवळं पडायची वाट बघत बसलात तर फुटवे गेलेले असतात, मग कितीही हिरवं करा, गेलेले फुटवे परत येत नाहीत.

आता पुढच्या हंगामाचं, खरा इलाज तिथेच आहे.

पहिलं काम खत कुजवणं. ढीग लावताना शेण आणि काड थर थर करा, ओल अशी की मुठीत दाबलं तर हात ओला व्हावा पण पाणी ठिबकू नये. आठवड्याभरात आतून ५५ ते ६५ अंश गरम व्हायला पाहिजे, लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी काढली तर हातात धरवणार नाही इतकी. गरम होऊन थंड झाला की उलथा, पुन्हा तापेल, पुन्हा उलथा. उलथूनही तापत नाही, ढीग निम्मा बसलाय, काड बोटाने चुरडलं की चुरा होतो, तेव्हा झालं. या उष्णतेने चंदन बटव्यासारख्या तणांचं बी पण बरंचसं मरतं, कच्च्या खताने आपण तणच पेरत असतो. ढीग कोरडा पडला तर वर्षभर ठेवूनही कुजत नाही, फक्त जुना होतो. माझी मूळ चूक हीच होती, मी "एक वर्षाचं जुनं खत" म्हणून टाकत होतो आणि ते आतून वाळलेलं काडच होतं.

कुजलंय का कळत नसेल तर दोन साध्या चाचण्या आहेत. ओलसर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा, उघडल्यावर पावसाच्या मातीसारखा वास आला तर चांगलं, नाकाला झोंबला किंवा आंबूस आला तर अजून वेळ आहे. दुसरी, एका कुंडीत निम्मं खत निम्मी माती, दुसऱ्यात नुसती माती, दोन्हीत गव्हाचे दहा दहा दाणे लावा आणि दोन-अडीच आठवडे बघा. खताच्या कुंडीतली रोपं फिकट राहिली तर रानातही तेच होणार आहे.

खत पेरणीच्या ३-४ आठवडे आधी टाका आणि विस्कटलं की त्याच दिवशी कुळवाने मातीत मिसळा, उन्हात पसरून ठेवलं तर अमोनिया जातो. आणि कच्चंच खत हाताशी असेल, दुसरं नाहीच, तर ते गव्हाला देऊ नका, आधीच्या हंगामातल्या पिकाला द्या म्हणजे गव्हापर्यंत ते कुजून जातं. तेही जमत नसेल तर निदान पेरताना नत्र वाढवून द्या, जमिनीत गेलेल्या दर टन कोरड्या काडामागे १० किलोच्या आसपास नत्र, म्हणजे २०-२२ किलो युरिया. तेवढा नत्र पुढे परत मिळणार आहे हे लक्षात ठेवून कांडी धरतानाचा हप्ता कमी करा.

आता हिशोब, कारण इथे दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. समजा एकरी ४ टन कुजलेलं शेणखत टाकलं. त्यात साधारण अर्धा टक्का नत्र धरला तर २० किलो होतो, ऐकायला बरं वाटतं. पण पहिल्या हंगामात त्यातला पाव हिस्सा मिळतो, म्हणजे ५ किलो. एकरी १६ क्विंटल गहू काढायचा तर पिकाला ४० किलोच्या आसपास नत्र उचलावा लागतो. मग ५ किलोवर काय होणार. म्हणून "शेणखत टाकलंय, आता युरियाची गरज नाही" हे चूक. पालाशचं (पोटॅश) मात्र उलटं आहे, त्याच ४ टनांत २० किलोच्या आसपास पालाश असतो आणि तो जवळपास सगळा त्याच हंगामात वापरता येतो, स्फुरदही (फॉस्फरस) ८ किलोच्या आसपास असतो आणि बऱ्यापैकी मिळतो. म्हणजे शेणखत टाकल्यावर पोटॅशची पिशवी कमी करा, डीएपी (नत्र आणि स्फुरद दोन्ही देणारं खत) थोडं कमी करा, युरिया फार कमी करू नका. लोक नेमकं उलटं करतात. माती परीक्षण करून घेतलं तर हे आकडे तुमच्या रानाप्रमाणे बसवता येतील, मी सांगतोय तो अंदाज आहे.

सेंद्रिय की रासायनिक या वादात मला काही रस नाही आणि त्याचं कारण सांगतो. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडला ब्रॉडबॉक नावाचं एक शेत आहे, तिथे जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांनी १८४३ साली गव्हाचा प्रयोग सुरू केला तो अजून चालू आहे. एका पट्ट्याला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत, काही पट्ट्यांना फक्त रासायनिक खतं, एकाला काहीच नाही. शंभर वर्षांहून जास्त काळ शेणखताचा पट्टा आणि पूर्ण रासायनिक खताचा पट्टा उत्पादनात जवळजवळ बरोबरीने चालले. काहीच न दिलेला पट्टा हेक्टरी टनभराच्या आसपास राहिला. शेणखताच्या पट्ट्यातल्या मातीतला सेंद्रिय कर्ब दुपटीच्या वर गेला. आणि नव्या जातींमध्ये सगळ्यात चांगलं उत्पादन मिळालं ते शेणखत अधिक वरून दिलेला नत्र या जोडीला. मुळाला नत्र नायट्रेट किंवा अमोनियमच्या रूपातच लागतो, तो शेणातून आला की युरियातून हे त्याला कळत नाही. फरक फक्त कधी मिळतो याचा. युरिया लगेच, शेणखत सावकाश, आणि गव्हाला दोन्ही वेळा लागतं. बरं, ३५ टन हेक्टरी दरवर्षी आणायचं कुठून हा प्रश्न तर आहेच.

दोन-तीन चुका अजून सांगतो ज्या मी केल्यात किंवा जवळून बघितल्यात. ताज्या शेणखतात युरिया कालवून ढीग झाकून ठेवणे, "युरियाची ताकद वाढते" म्हणून. शेणात युरिया फोडणारं युरीएज भरपूर असतं, दोन दिवसांत डोळ्यातून पाणी येईल असा वास सुटतो, तो वास म्हणजेच तुमचा नत्र. नुसत्या काडाच्या ओल्या ढिगात थोडा युरिया वेगळी गोष्ट, तिथे जिवाणू तो धरून ठेवतात. दुसरं, डीएपी बियाण्यात मिसळून पेरणे, यातून सुटणाऱ्या अमोनियाने कोंब जळतो, विशेषतः हलक्या आणि ओल कमी असलेल्या जमिनीत, खत बियाण्याच्या दोन-अडीच बोटं खाली पडेल असं पेरा. तिसरं, झिंक सल्फेट डीएपीत मिसळून देणे, दोघांची गाठ बसते आणि जस्त पिकाला मिळत नाही, ते शेणखतात मिसळून दिलेलं बरं.

हप्ते मी आता असे पाडतो: एकरी ४८ किलो नत्राचा बेत असेल तर तिसरा हिस्सा पेरताना, तिसरा मुकुटमुळं फुटताना, आणि उरलेला कांडी धरायला लागल्यावर, पण शेवटचा हप्ता डोळे झाकून नाही. आधी तो तीन मीटरचा चौकोन बघतो. चौकोन आणि बाकी रान सारखंच हिरवं दिसत असेल तर जमीन स्वतः नत्र सोडतेय, मग शेवटचा हप्ता निम्मा. असं केल्यापासून लोळणं जवळजवळ थांबलं, गेल्या हंगामात फक्त पाटाच्या कडेला दोन साऱ्यांत लोळला, तिथे माझ्याच हाताने युरिया जास्त पडला होता.

शेवटचं कोंबडीखताबद्दल, कारण शेणखताचं गणित तिथे चालत नाही. वाळलेल्या कोंबडीखतात अडीच ते तीन टक्के नत्र असतो आणि त्यातला निम्मा तरी पहिल्याच हंगामात सुटतो. एकरी १ टन टाकलं तर १२ ते १५ किलो नत्र आला असं धरा आणि युरिया २५-३० किलोने कमी करा. इथे सुरुवातीला पिवळं पडत नाही, उलट गहू जोरात दिसतो, म्हणून कोणाला शंका येत नाही आणि नेहमीचा पूर्ण युरिया वरून जातो. कोंबड्यांखाली लाकडाचा भुसा घातलेला असेल तर मात्र पुन्हा काडाचाच प्रश्न येतो, आणि भुशात नत्राच्या मानाने कर्बाचं प्रमाण काडापेक्षाही कितीतरी जास्त असतं, ते खत कुजवल्याशिवाय गव्हाच्या रानात नेऊच नका.